साडेसव्वीस पौंड

अकोसुआ अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या घरी प्रथम आली, ती माझी पत्नी वसुधा हिला अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात. सकाळी आठ ही तिची वेळ. ती आठ वाजून पाच मिनिटांनी आल्याचे मला एकदाही स्मरत नाही, आणि अशा गोष्टी माझ्या स्मरणात राहतात. वसुधेला उठवणे, न्हाऊ घालणे, भरवणे ही कामे ती इतक्या हलक्या हाताने करी, की दाराशी उभे राहून सूचना देण्याची माझी सवय आपोआप सुटली. आमच्याकडे येणाऱ्यांचे ऐकून ती सर्व वयस्क पुरुषांना ‘काका’ म्हणू लागली होती.

ती घानामधल्या कुमासी शहराची. मुलगा क्वाबेना दोन वर्षांचा असताना त्याला आपल्या आईजवळ ठेवून ती अमेरिकेत आली होती. त्याला इकडे आणायचे, याखेरीज तिचा दुसरा कोणताही बेत नव्हता.

सुमंतराव हे माझे जुने स्नेही. निवृत्तीनंतर घर विकून त्यांनी व्हॅनमध्ये संसार मांडला होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलपासून सनीव्हेलपर्यंत आणि तिथून पूर्वेला आमच्यापर्यंत, ओळखीच्या मराठी घरी आठ दिवस उतरायचे आणि त्या घरातल्या एकाचे तैलचित्र काढून द्यायचे, असा त्यांचा वार्षिक क्रम होता. नियम एकच: समोर जे बसेल तेच काढायचे. फोटोवरून चित्र काढण्याच्या विनंत्या त्यांनी भल्याभल्यांच्या घरी नाकारल्या होत्या.

त्या ऑक्टोबरात मला वसुधेचे चित्र हवे होते. तिने मान भिंतीकडे वळवली आणि चालत्या हाताने अकोसुआकडे बोट दाखवले.

अकोसुआ बसायला तयार झाली. मात्र मांडीवर मुलगा हवा, असे तिने सांगितले आणि फोनमधला त्याचा फोटो पुढे केला. सुमंतरावांनी आपला नियम सांगितला. तिने फोन परत खिशात ठेवला. तेव्हा तेच पुन्हा म्हणाले, तुझे चित्र काढतो आणि मुलाची जागा कोरी ठेवतो. तो आला की ती भरू.

“पण रिकाम्या मांडीवर आईचे हात खोटे दिसतात,” ते म्हणाले. “वजन लागतं. किती आहे त्याचं?”

ती म्हणाली, “निघायच्या आधी दवाखान्यात बारा किलो भरला होता. त्यानंतर मी त्याला उचललं नाही.”

बारा किलोंचे साधारण साडेसव्वीस पौंड होतात, हे गणित मी तत्काळ केले. आता पाच वर्षांच्या झालेल्या मुलाचे वजन बारा किलो नसते, हे मात्र जन्मभर इंजिनियर म्हणून काम केलेल्या माझ्या ध्यानात आले नाही. मी तांदळाची वीस पौंडांची पिशवी आणली, तिला तूरडाळीची चार पौंडांची बांधली आणि उरलेल्या अडीच पौंडांसाठी रवा काट्यावर तोलू लागलो.

“त्र्यंबकराव, मूल बसवायचंय,” सुमंतराव म्हणाले, “प्रसादाचा शिरा नाही करायचा.”

वसुधासुद्धा हसली. तिच्याच शालीत ते सारे गुंडाळून अकोसुआने मांडीवर घेतले. अशा सहा सकाळी ती बसली. तिसऱ्या दिवशी ती पिशवीला हळूहळू थोपटत होती. आपण थोपटतो आहोत, हे तिला ठाऊक नसावे. चेहरा आणि हात हुबेहूब उतरले. मांडीवर तेवढा कोरा कॅनव्हास राहिला, आणि चित्र आमच्या दिवाणखान्यात लागले.

पुढची तीन वर्षे मुलाला इकडे आणण्याच्या तिच्या अर्जाची फाइल मी सांभाळली. कागद तारखेनुसार लावले, पत्रे टाइप केली, प्रत्येकाची प्रत ठेवली. मुलाखतीची तारीख दोनदा पुढे गेली. मग आणखी एक दाखला मागितला गेला; तोही आला. शेवटी नकार आला. त्या फाइलीत एकही कागद चुकीच्या जागी नव्हता.

सुमंतराव आले, तेव्हा त्यांचा हात कापत होता; ही शेवटची फेरी, असे त्यांनी येताच सांगितले. नकाराचे ऐकून ते चित्रासमोर बसले आणि अकोसुआला म्हणाले, “फोन लाव. बसव त्याला. तसाच काढतो.”

कुमासीत दुपार होती. फोनच्या पडद्यावर आजी खुर्चीत बसली आणि आठ वर्षांचा क्वाबेना, सांगितले म्हणून, तिच्या मांडीवर बसला. त्याचे पाय जमिनीला टेकले. आजी त्याच्यामागे पुरती झाकली गेली. लाजून त्याने तोंडावर हात घेतला. आजीच्या मांडीला कळ लागली, तेव्हा तो उठला आणि आईला, तुझे काम कसे चालले आहे, असे पाहुण्यासारखे विचारले. सुमंतरावांच्या हातातला कुंचला रंगाला लागलाच नाही.

अकोसुआने फोन बंद केला. “काका, नियम मोडू नका. समोर होतं तेच काढा.”

“म्हणजे काय काढू?”

“पिशवी.”

दोन दिवस लागले. एका हाताने दुसरे मनगट धरून त्यांनी शाल रंगवली आणि शालीतून डोकावणारे तांदळाच्या पिशवीचे टोकही. त्यानंतर अकोसुआ वसुधेला भरवायला गेली. दूध निवत होते.

माझे अक्षर बरे, म्हणून चित्राच्या पाठीमागचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी स्थळ लिहिले, तारीख लिहिली, आईचे नाव आणि वय लिहिले. खाली मुलाचे नाव लिहिले. त्यापुढे वय दोन लिहावे की आठ, हे मला ठरवता आले नाही. अकोसुआला विचारावे, म्हणून दोनदा आतल्या दारापर्यंत गेलो आणि न विचारताच परतलो.

ती जागा अद्याप कोरी आहे.