काउबॉय आणि करपलेली पोळी

आज पोळी करपली आणि त्या वासाने लंडनमधल्या हॅरोच्या घरातली ऐंशीच्या दशकातली रविवारची एक दुपार आठवून माझं डोकं फिरलं. टीव्हीवर जुना काउबॉयचा पिक्चर लागला होता. त्यातली बाई पुरुषांना वाढून मुकाट्याने बाजूला उभी होती. बाबा जेवताना म्हणाले, "बघ, याला म्हणतात संस्कार. हल्लीच्या गोऱ्यांत राहिलेत का?" आईही बाबांसारखी डॉक्टरच. नाइट शिफ्ट करून आलेली ती किचनमध्ये आमच्यासाठी गरम पोळ्या करत होती. बाबांनी टीव्हीवरची नजर न काढता रिकामं ताट माझ्यापुढे धरलं. मी आत धावले. "दे ना गं लवकर, मारामारी चुकेल माझी." त्या घाईत एक पोळी करपली. ती तिने स्वतःसाठी बाजूला ठेवली.

बाबांवर मी अजूनही चिडते. पण घाई मी केली होती.