तीन बोटं, चार आवाज

मशीन बिघडलेलं असताना माणसाचे कान बिघडलेत म्हणून सांगायचं, ही रीत कोणी काढली ते मला एकदा कळू दे. नमस्कार मागाहून करते.

परवा बिबवेवाडीत आमच्या घरी नात प्राजक्ता जुना कीबोर्ड उघडून बसली होती. इंजिनिअरिंगला आहे. वस्तू उघडते ती, बंद करायला मी.

तिला वाटतं, आजीला काय कळतंय. अगं, कॉम्प्युटर नवे नवे आले तेव्हा इथल्याच एका शेडमध्ये मी चार वर्षं कीबोर्ड तपासलेत. एबीसीडी येत नव्हती, अजून धड येत नाही... पण बटण दाबलं की तपासणीच्या डब्यातून 'टिक' यायचं. एक बटण, एक आवाज. त्याला शाळा लागत नाही.

शेजारच्या स्टुलावर रशीदा. कसब्यातून यायची, घरी शाळेतली मुलगी, कमावणारी ही एकटी. हात असा चपळ की तीन बटणं एकदम दाबायची. एक दिवस म्हणाली, "ताई, बोटं तीन अन् आवाज चार. भूत बसलंय यात."

तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, चारपर्यंत मोजता येतं ना?" सगळे हसले. रशीदा म्हणाली, "हिला विचारा की, बाजूलाच बसते."

मी ऐकले होते. चार. पण त्याच महिन्यात नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, आणि साहेबांना माल त्याच दिवशी पाठवायचा होता...

मी म्हटलं, "तीनच."

रशीदाने माझ्याकडे पाहिलं आणि जेवणाचा डबा उचलला. दुसऱ्या दिवसापासून ते स्टूल रिकामं.

मग मी मनाशी धरलं, मशीन कशाला खोटं बोलेल, आपल्यालाच भास झाला असेल. इतकी वर्षं त्यावर निभावलं.

परवा प्राजक्ताला सहज ते भुताचं सांगितलं, तर तिने तो आधारही काढून घेतला. आत आडव्या-उभ्या तारांची जाळी असते म्हणे. एन्कोडर नावाचं सर्किट एकेका तारेला विचारत फिरतं, कुठे दुसरीला चिकटलीस का? चिकटली असेल तिथलं बटण दाबलं, असं ते धरतं. पण चौकोनाची तीन टोकं एकदम दाबली की वीज कसब्यातल्या बोळांतून जावं तशी वळसा घालून चौथ्या टोकाला पोचते. न दाबलेलं बटणही मग वाजतं. वीज उलटी फिरू नये म्हणून डायोड लावतात. आमच्या मालात नसणार.

"आजी, याला इंग्लिशमध्येही भूतच म्हणतात," म्हणून ती हसली. मी भाजी निवडायला आत गेले.

काल कसब्यात जाऊन आले. रशीदाच्या घराच्या जागी बिल्डिंग उभी आहे. कोणाला काही माहीत नाही... म्हणून हे एका बोटाने टाईप करून इथे टाकलं.

रशीदा, चारच होते. माफीने तुझी नोकरी परत येत नाही, तेव्हा ते नाटक करत नाही. नमस्कार राहिला होता, तो तुलाच.

बाकीच्यांनी खाली हात जोडायचे नाहीत, 'किती प्रामाणिक आजी' लिहायचं नाही. उत्तर रशीदाने द्यायचं, शिव्या असतील तर पूर्ण लिहायच्या. ती नसेल, तर तिच्या मुलीने.