पिसाच्या गळाचा डबा

आमच्या बुढ्याचं, म्हंजे माह्या नवऱ्याचं, नाव डोमाजी. पांढरकवड्याच्या एसटी डेपोत तीस वर्षं इंजिनं खोलली, अन् रिटायर झाल्यावर याले नाद लागला तो मासोळ्यांचा. तोही सरळ नाही. गांडूळ लावून गळ टाकणं याले पटेना. कोंबड्याचं पीस दोऱ्यानं गळाले असं बांधे, का पाण्यावर पडलं का किडा वाटावा अन् मरळीनं झडप घालावी. मी म्हणायची, कोंबडा शिजवायचा सोडून त्याची पिसं कायले सजवून राह्यले तुम्ही? ऐकते कोण.

मागच्या वर्षी लकवा मारला. पाय वाचले, पण उजवा हात कामातून गेला. त्या हातानं बांधलेले तेवीस गळ तेवढे घरात राह्यले. तांड्यावरचा भीमसिंग त्याचा जुना दोस्त, तो तलावावर न्यायले यायचा. बुढा सोबत जाये, काठावर बसे, पण गळ काही पाण्यात टाकेना. "हे संपले का माहा हात संपला," म्हणे.

गळ भिंतीवरच्या थर्माकोलले टोचलेले असत. दोनाची पिसं कसरीनं खाल्ली, तवा डबा घ्यायचं ठरलं.

बाजारात त्या दुकानदाराचा अंत पाह्यला आम्ही. स्टीलचा डबा हलवला का खडखड वाजे, आतली पिसं चुरगळली असती. दोन खिट्ट्यांचा प्लास्टिकचा चांगला होता, पण तो उघडायले दोन हात लागत. बुढा एकेक डबा मांडीत धरे अन् डाव्या अंगठ्यानं झाकण उचलून पाहे. मी हात लावला का चिडे. शेवटी एक चपटा सापडला. आत फोम, झाकणाले रबराची पट्टी, अन् अंगठ्यानं टक्कन उघडणारा. लकव्यानंतर बुढा पहिल्यांदा मनापासून हसला. मले इतकं बरं वाटलं, का त्या दुकानदाराले दहादा म्हणून आली, बाबा, भलं होईल तुह्यं.

अन् मंग मीच माती खाल्ली. गव्हात कीड लागू नये म्हणून आपण कडुलिंबाचा पाला टाकतो ना, तसा मी डब्यात टाकला. गव्हात टाकताना पाला वाळवून घ्यायची अक्कल असते, इथं कुठं गेलती कोणाले माहीत. ओला पाला, हवाबंद झाकण, बाहेर पावसाची झडी लागलेली. पंधरा दिवसांनी उघडलं तर एकवीसच्या एकवीस गळ गंजलेले, पिसाले बुरशी.

लपवावं वाटलं, पण या माणसासमोर उभ्या जन्मात खोटं बोलली नाही मी. सांगून टाकलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेते. बुढ्यानं डाव्या हातानं एकेक गळ काढून पाह्यला.

मंग म्हणे, "दोरा आण."

त्या दिवसापासून मी बांधून राह्यली. तो बाजूले बसून सांगते, इथं ताण, इथं ढिलं सोड. चुकली का ओरडते, मीही काही ऐकून घेत नाही. भीमसिंगच्या बायकोनं, रुपीबाईनं, पिशवीभर पिसं पाठवली. भीमसिंगनं खिळा तापवून डब्याले भोकं पाडली, आत हवा खेळावी म्हणून. कोण कोणाचं इतकं करते आजकाल? या दोघांचे उपकार मी मरेपर्यंत इसरणार नाही.

माहा पहिला गळ खराट्यासारखा झाला. तोच घेऊन बुढा, भीमसिंग अन् मी तलावावर गेलो. बुढ्यानं काठी डाव्या हातात घेतली अन् वर्षभरात पहिल्यांदा गळ पाण्यात फेकला. तिसऱ्याच फेकीले मरळीनं धरला, गर्रकन वळली, अन् दोरी तोडून गळासकट गेली.

माहा चेहरा उतरला. चार दिवसांची मेहनत होती ती. बुढा मात्र पोट धरून हसून राह्यला होता.

"जाऊ दे वं इंदू," म्हणे, "आता तू हायेस ना बांधायले."