चौथी सांडशी

लहानूला मी जेलात घातलं, खोटं बोलून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर दुसऱ्याचं चित्र काढता काढता माझंच बरं दिसायला लागेल.

"पहिले सांडशी धरा, मंग तोंड उघडा." हे त्या दुसऱ्याचं बोलणं. पांढरकवड्याला हैदराबादच्या सडकेला त्याचं लोहारकामाचं दुकान होतं. आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. उंच, कंबरेत वाकलेला, ठिणग्यांनी भुवया विरळ झालेल्या. बैलबंडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवावी तर त्यानेच.

धाव चढवताना तुम्हीही पाहिलं असेल. लोखंडी कडं गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचं, चौघांनी चार बाजूंनी सांडशीत धरून उचलायचं, पावलाला पाऊल लावून चाकापर्यंत आणायचं, बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. एकाने हात सोडला तर बाकीच्यांचे पाय भाजतात.

चाचाने यातूनच आपली कचेरी उभी केली होती. गावातल्या पोराने कुठे चोरी केली, कोणाचं डोकं फोडलं, की लोक ठाण्याआधी त्याच्याकडे येत. तक्रार करणारा एका बाजूला, पोरगा बरोबर समोर, मधे लाल कडं. "तू सोडशील तं त्याचा पाय जाईन. तो सोडन तं तुहा." कडं बसलं की दोघांना चहा. मग पोराने खरं काय ते सांगायचं आणि झालेलं नुकसान अंगमेहनतीने भरून द्यायचं. नियम एकच, आगीपाशी बोललेलं आगीपाशी राहील.

ठाण्याचा जमादार चिडवायचा, "काय चाचा, जज्ज झाले का तुम्ही?"

"जज्जाले पंखा असते, साहेब. मले भाता हाये."

मोटेचा दोर चोरणारा एक पोरगा पुढे त्याच शेतकऱ्याचा जावई झाला. "म्या धाव बसवतो, सोयरीक नाई," असं कुरकुरत चाचा त्या लग्नात पोटभर जेवून आला.

महाराष्ट्र नवा झाला त्या साली शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, लहानूने हाकलेल्या जोडीने माझी जोडी हरवली. एकोणीस वर्षांचं पोर, बैलही दुसऱ्याचे. "मालकाचे बैल गाभण होते का?" असं तो ओरडला आणि सगळा पट हसला. ते हसू माझ्या कानातून जाईना.

महिन्याभराने भर दुपारी माझी कडब्याची गंजी जळाली. दुसऱ्या दिवशी चाचाने मला बोलावलं. समोर लहानू उभा होता, डोळे सुजलेले. रीत मोडून तो कड्याआधीच बोलला.

"सावलीत बिडी पेत बसलो होतो, मालक. डोळा लागला. माह्याच बिडीनं झालं. दोन हंगाम तुमच्या वावरात राबतो."

चाचाने सांडशी पुढे केली. मी धरली नाही. "इचार करून सांगतो," म्हणालो आणि सरळ ठाण्यात गेलो. आगीपाशी ऐकलेलं तिथे सांगितलं आणि वर पदरचं घातलं: पेटवण्याची धमकी मी कानांनी ऐकली, काडी लावताना डोळ्यांनी पाहिलं. कोर्टातही तेच सांगितलं. लहानूला दोन वर्षांची सजा झाली. त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा पटावरच्या हसण्याचा सूड मला फार गोड लागला. घरी येऊन मी पुरणपोळी करायला सांगितली.

चाचा भांडला नाही. मी चाक घेऊन गेलो की तो फक्त बाज दाखवायचा. "बसा, मालक." चौथी सांडशी तो थांबलेल्या ट्रकवाल्याला देई, शाळेच्या मास्तरला देई, मला कधीच नाही. मी बाजेवर बसून माझ्याच चाकावर परक्यांचे हात पाहत राही. शिव्या परवडल्या असत्या.

आगीपाशी पोरं यायची थांबली. तिथे बोललेलं ठाण्यात जातं, हे आता सगळ्यांना माहीत होतं. जी पोरं चहा पिऊन घरी गेली असती ती एकामागून एक जेलात गेली. त्यांतल्या एकाच्या आईने माझ्या दारापुढे उभं राहून बोटं मोडली. मी आतून कडी लावली.

लहानू सुटून आला तो एकच घोकत, "मालकाले त्याच्याच बैलाच्या कोठ्यात जाळतो." मी दोन कुत्री पाळली. चाचाने त्याला भात्यावर बसवलं. एकदा मी बाजेवर असतानाच चाचा त्याला म्हणाला, "जाळ ना. कोन नाई म्हनते? पन कडं तापून राह्यलं, हे बसवून जा." दुसऱ्या दिवशी दुसरं कडं असायचं. वर्षभर त्याने लहानूला असं रोज एका कड्यापुरतं अडवलं. मी वाचलो तो कुत्र्यांमुळे नाही.

पुढच्या हिवाळ्यात चाचा छातीत कळ येऊन गेला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्यानंतर मी चाक घेऊन गेलो. लहानू होता, दोन गडी होते, चौथी सांडशी खुंटीला होती. माझ्याकडे न पाहता लहानूने बाज दाखवली.

"बसा, मालक."

मी खुंटीवरून सांडशी काढली आणि त्याच्यासमोर उभा राहिलो.

"म्या सोडलं तं तुमचे पाय जातीन," तो हळूच म्हणाला.

"तुह्या हातात हाये."

आम्ही कडं उचललं. पलीकडे त्याचा चेहरा लाल दिसत होता. अर्ध्या वाटेत त्याने पकड सैल केली, जाणूनबुजून. कडं डगमगलं, माझ्या पायावरचे केस करपल्याचा वास आला. मी हात सोडला नाही. एक श्वासभर तो तसाच पाहत राहिला आणि मग त्याने पुन्हा घट्ट धरलं.

कडं चाकावर बसलं. पाणी पडलं. मी वाफ विरेपर्यंत थांबलो, कारण तोंड लपवून बोलायचं नव्हतं. सडकेवरचे लोकही थांबले होते.

"लहानू, तू गंजी मुद्दाम पेटवली नव्हती. मी धमकी आयकली नव्हती, काडी पाह्यली नव्हती. पटावर लोक हासले म्हणून मी तुले जेलात घातलं. उद्या ठाण्यातबी हेच लिहून देतो. मले माफ कर."