जंताची गोळी

देवळ्याजवळच्या एका वस्तीशाळेवर मी तिसरीला शिकवत होते. वर्गात एक मुलगी होती. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काडीसारखे. पाटीवरची पेन्सिल खायची, खडू खायची, भिंतीचे पोपडेसुद्धा. दुपारची खिचडी झाली की बाकावर डोकं टेकून झोपून जायची. रागावलं की ओठ पुसून हसायची.

शाळेत जंताच्या गोळ्या वाटल्या, त्या दिवशी नेमकी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईनंच घरी ठेवलंय, असं मुलींनी सांगितलं. शाळा सुटल्यावर गावच्या आशाताईंना बरोबर घेऊन मी त्यांच्या शेतात गेले. आई विळ्यानं कांद्याच्या पाती खांडत बसली होती. लेक शेजारीच, मातीच्या हातानं भाकरी खात होती.

"बाई, मागल्या वर्षी माझ्या भावाच्या पोरीला त्या गोळीनं उलट्या झाल्या. लय घाबरलो आम्ही. आमच्या पोरीला नको."

"पोटात जंत जास्त असले की मळमळतं कधीकधी, पण लगेच थांबतं," मी म्हणाले. "जंत तसेच राहिले तर पोर खाईल ते त्यांच्याच पोटात जाईल."

आईचा विळा चालूच. मग मी आशाताईंकडून एक गोळी मागून घेतली आणि तिच्यासमोर चावून खाल्ली. मुलगी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

"कशी लागते, बाई?"

"खडूसारखी. पण गोड."

ती खुदकन हसली आणि हात पुढे केला. आशाताईंनी आधी तिचे हात धुवायला लावले. आईनं अडवलं नाही. उलट थोड्या वेळानं म्हणाली, "मंग मलाबी द्या एक. माझंबी पोट दुखतं."

"दिवस गेलेले नाहीत ना?" आशाताईंनी विचारलं.

"नाय वो ताई."

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधीच आई शाळेत धावत आली. धाप लागलेली. "बाई, गांडुळावानी निघाले! एवढाले! हे माझ्या पोरीच्या पोटात व्हते?" गोळी लागू पडली, आता घाबरायचं कारण नाही, असं मी तिला समजावलं. ती पायरीवर बसली आणि रडू लागली. "मी म्हनायची, पोर आळशी हाय. मारलंबी तिला, बाई."

मी तिला पाणी दिलं. मुलगी पटांगणात मैत्रिणींना हातानं लांबी दाखवून तीच हकीकत सांगत होती.

पुढे दवाखान्यात मुलीचं रक्त तपासलं, तर ते कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आई दर रविवारी तिची नखं कापू लागली. पुढच्या खेपेला गोळ्या आल्या तेव्हा वस्तीतल्या बायकांना मी काही सांगायच्या आत तीच सांगून आली होती.

चौथीत मुलीचं वर्गात झोपणं थांबलं. पण बडबड इतकी वाढली, की तिला मैत्रिणीपासून उठवून मला पुढच्या बाकावर बसवावं लागलं.