तुरटीनं नितळलेलं पाणी

पळसदरीला घर बांधलं तेव्हा मागच्या अंगणात गरम पाण्याचा टब बसवला, तो काही मिरवायला नव्हे. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, त्यात तिला साखर. पाण्यात व्यायाम करा, पण पाणी चोख हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागे पायाला साधं खरचटलं होतं, तेही तिला महिनाभर भोवलं होतं.

पाणी सांभाळायच्या शेजारच्या भातशेतीवाल्या ताई. रोज सकाळी कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडायचा, मगच औषध मोजून टाकायचं. मी चिडवायचो, "काय ताई, पत्रिका जुळली का?"

"जुळल्याबिगर काकूंना उतरू देनार नाय," त्या म्हणायच्या.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत एकदा त्यांना उशीर झाला. पाणी गढूळ दिसत होतं. आमच्या घरी पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायचे; म्हटलं, त्यात काय मोठंसं! मुठीएवढा खडा घेऊन टबात फिरवत बसलो. दुपारी तळ लख्ख दिसायला लागला. मी भलताच खूश. बायको पायरीवर बसून पाय सोडणार, तोच ताई चिखलाच्या हातापायांनी आल्या. हात धुतले, आधी पट्टी बुडवली. पट्टी पिवळीधमक!

"काकू, पाय मागं घ्या!"

"अहो, तळ दिसतोय की!" मी खेकसलो.

"तळ दिसतोय, पन पानी आंबट झालंय. कातडी चुरचुरंल त्यांची. काय टाकलंत, काका?"

"काही नाही," मी ठोकून दिलं. एवढं वय झालं, पण लाज नाही!

ताईंनी वाद घातला नाही. आवणी अर्धवट टाकून टब रिकामा केला, घासला, पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी पाणी तापल्यावर पट्टी बुडवली, थोडा सोडा टाकला, थांबल्या, पुन्हा बुडवली. असं तीनदा. एवढा धीर मी जन्मात कशाला दाखवलेला नाही. मला राहवेना.

"ताई, तुरटी मी टाकली होती."

"ठाव हाय. खडा पायरीवरच इसरला होतात. काकूंसमोर कशाला बोलायचं, म्हनून गप ऱ्हायले."

बायको मागेच उभी होती. ती कठडा धरून सावकाश पाण्यात उतरली.

"काल तुम्ही म्हणालात म्हणून मी उतरलेच असते हो," ती म्हणाली.

मी तिचा टॉवेल कठड्यावर ठेवला आणि ताईंच्या हातातली पट्टी डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली.