शीट पुसून उतर

"ती बाटली बी घिऊन जा. आन शीट पुसून उतर."

एवढंच बोलला तो. गाडी आळंदी फाट्याच्या अलीकडे कडेला उभी होती. पुढं काचेजवळ पडलेलं पिवळं फडकं त्यानं माझ्या मांडीवर टाकलं. मी उतरले, वाकले आणि जिथं बसले होते ती जागा पुसली. पाठ टेकली होती तीही पुसली. पाठीचं त्यानं सांगितलंही नव्हतं. त्याचीच लाज मला आजही सगळ्यात जास्त वाटते.

अर्ध्या तासापूर्वी मी कंपनीच्या निळ्या युनिफॉर्ममध्ये, चाकणला जायला, मोशीत रस्त्याकडेला हात करून उभी होते. कंपनीची बस कायम कामगारांसाठी. आम्ही ठेकेदाराची माणसं, आम्ही आपापलं यायचं. महिन्यात तीनदा उशीर झाला की ठेकेदार ब्रेक देतो. म्हणजे घरी बस, बोलावू तेव्हा ये. माझे दोन उशीर झाले होते. त्या सकाळी खचाखच भरलेली सिटी बस न थांबता निघून गेली. मग ही पांढरी गाडी थांबली.

एकटी बाई अनोळखी माणसाच्या गाडीत बसते तेव्हा आधी दाराचं लॉक बघते. मीही बघितलं. पर्स पोटाशी धरली. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. चिंबळी फाट्याजवळ ती आलीच.

"आडनाव काय म्हणलं तुमचं?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. खोली शोधत फिरले तेव्हा चार घरमालकांनी आडनाव विचारलं होतं आणि चौघांचीही खोली कालच गेली होती.

"देशमुख," मी म्हटलं. आमच्या सुपरवायझर बाईंचं आडनाव. तोंडात तेच आलं.

माणूस एकदम खुलला. "मंग आपल्यातलीच की! गाव कुठलं?"

"जिंतूरकडचं."

"मराठवाड्यात सोयरीक हाय आमची. तुमी ज्या कंपनीत जाता ना ताई, ती आमच्या वावरात हुबी हाय. आमच्या आज्याची हीर व्हती तिथं."

हे सांगताना त्याचा आवाज जरा उतरला. मला त्याचं वाईटही वाटलं. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. तोंड कोरडं पडलं होतं, मी प्यायले. मग मामाचं गाव कुठलं, मामाचं आडनाव काय, बहीण कुठं दिली. मी एका खोट्यावर दुसरं रचत होते. पुढं काय विचारेल याची धास्ती होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण मी चोरलं काय होतं?

तेवढ्यात फोन वाजला. आई. ती रोज याच वेळेला करते. मी वाजू दिला.

"उचला की ताई. घरचा आसंल."

उचलला. आणि लहानपणापासून जे तोंडात बसलंय तेच निघालं. "जय भीम, आई."

शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्यानं आरशात बघितलं आणि गाडी हळूच कडेला घेतली.

बाटली हातात घेऊन मी चालत सुटले. पुढं रिक्षा मिळाली. वेळेत पोचले.

दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात आईचा फोन आला की मी "हॅलो" म्हणू लागले. दोन दिवस तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हॅलो काहून म्हणायलीस? कोण हाय गं बाजूला? कुणाला भेतीस?"

बाजूला कोणीच नव्हतं. थांब्यावर मी एकटी होते. कोणी नसताना मी तोंड लपवत होते, तेही माझ्या आईपासून. मला माझीच किळस आली. मग राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

त्याच महिन्यात पुन्हा तीच गाडी माझ्यापुढं थांबली. तोच माणूस. "चाकण ना? बसा ताई."

त्यानं मला ओळखलं नाही. निळ्या युनिफॉर्ममधल्या बायका त्याला सगळ्या सारख्याच. उशीर होत होता. देशमुख म्हटलं असतं तर वेळेत पोचले असते, वर पाणीही मिळालं असतं.

मी दाराला हात लावला नाही. खाली आलेल्या काचेतून म्हटलं, "जय भीम. मी तीच, शीट पुसलेली."

त्यानं नीट बघितलं. "मंग? आता काय म्हननं हाय?"

"सोडणार असाल तर बसते. पुसणार नाही."

काच वर गेली. गाडी गेली.

तिसरा उशीर लागला. ठेकेदारानं ब्रेक दिला. खोलीत बसून रडले, भाड्याची काळजी होती. कोणी शाबासकी दिली नाही. नंतर त्यानं परत बोलावलं, कारण माझ्या मशीनवर हात बसलेली दुसरी बाई त्याला मिळाली नाही.

लिफ्ट आजही मागते. दुसरा इलाज नाही. गाडी थांबली की पर्स आजही पोटाशी धरते. पण काच खाली आली की मी आधी जय भीम म्हणते, मग विचारते, चाकणपर्यंत सोडता का? काहीजण सोडतात, काही काच वर करतात. ज्याला काच वर करायची त्यानं मी बाहेर उभी असतानाच करावी. आत बसवून खाली उतरवायचा हक्क आता मी कुणालाच देत नाही.